स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक बँड गप्प का होतात? आधी प्रोजेक्ट फाइल उघडून बघा

प्रश्न असा आहे: आपल्याकडचे स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक बँड दोन-तीन अल्बम काढतात, महोत्सव गाजवतात आणि मग भांडणाची बातमी नाही, निरोपाचा कार्यक्रम नाही, नुसते दिसेनासे होतात. असं का होतं, आणि ज्यांचा बँड आज चालू आहे त्यांनी काय काळजी घ्यावी?

पैसा नाही, श्रोते नाहीत, लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, ही नेहमीची उत्तरं खोटी नाहीत. पण ती रॉक बँडलाही लागू पडतात आणि लग्नसराईतल्या ऑर्केस्ट्रालाही. तरी दहा वर्षं न भेटलेला चार जणांचा रॉक बँड एखाद्या रविवारी जॅमरूममध्ये जमला तर दुपारपर्यंत जुनी तीन-चार गाणी उभी राहतात, कारण गाणं त्यांच्या हातांत असतं. इलेक्ट्रॉनिक बँडचं गाणं असतं कुणा एकाच्या लॅपटॉपवरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये. ती फाइल उघडली नाही तर लाइव्ह सेट (स्टेजवर वाजवायची गाण्यांची मांडणी) नाही, सेट नाही म्हणून आलेला कार्यक्रम नाकारायचा, आणि दोन-तीनदा नकार गेला की बोलावणंच थांबतं. पैशाच्या चणचणीमुळे बँड थांबतो. पण सहा महिन्यांची विश्रांती कायमची होते ती बहुतेक वेळा फाइलीमुळे. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावर खर्च करतो.

प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज जवळजवळ नसतोच. अमुक सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) तमुक फोल्डरमधून घे, हा प्लगइन (आवाज बनवणारं किंवा बदलणारं जोड-सॉफ्टवेअर) लाव, त्याचा फिल्टर इथे ठेव, अशा सूचना असतात. सूचनेतली एक वस्तू जागेवर नसली तरी ट्रॅक मुका होतो. २००८ ते २०१२ च्या सुमाराचा नेहमीचा सेट घ्या: मॅकबुक, एबलटन लाइव्ह ८ (गाणी बनवायचं आणि वाजवायचं सॉफ्टवेअर, पुढे नुसतं ‘लाइव्ह’), सगळे जुन्या ३२-बिट पद्धतीचे प्लगइन आणि फायरवायर या जुन्या जोडणीवर चालणारा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधला आवाज आत-बाहेर नेणारं यंत्र). २०१२ नंतरच्या नव्या मॅकबुकांतून फायरवायरचं पोर्ट गेलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइव्ह १० आलं ते फक्त ६४-बिट. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणंच बंद केलं. मधल्या काळात प्लगइन बनवणाऱ्या छोट्या कंपन्या विकल्या गेल्या. कॅमल ऑडिओचा अल्केमी हा सिंथ (सुरांचे आवाज तयार करणारं वाद्य, इथे प्लगइनच्या रूपात) त्या काळात खूप वापरला जाई. २०१५ मध्ये ॲपलने कंपनी घेतली आणि त्याच वर्षी अल्केमी ॲपलच्या लॉजिक या सॉफ्टवेअरच्या आत गेला. लाइव्हमध्ये काम करणाऱ्यांना तो प्लगइन म्हणून पुन्हा विकत मिळायची सोय राहिली नाही.

शिवाय एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. त्या काळी घरगुती स्टुडिओंत क्रॅक केलेले, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून वापरलेले, प्लगइन सर्रास असत. क्रॅक प्लगइनला अपडेट मिळत नाही आणि नव्या मशीनवर तो चालेल याची खात्री नसते. पुढे पैसे भरून अधिकृत नवी आवृत्ती घेतली तरी जुनी फाइल तिला ओळखेलच असं नाही, कारण काही प्लगइनांच्या दोन आवृत्त्यांची आतली ओळखखूणच वेगळी असते. गाण्याचा मुख्य लीड (ठळक सुरावटीचा आवाज) अशा प्लगइनवर असला तर ‘तसाच’ आवाज पुन्हा बनवायला दोन-तीन दिवस जातात आणि शेवटी तो तसा होत नाहीच. ज्याने मूळ आवाज बनवला त्यालाच फरक ऐकू येतो, आणि नेमका तोच बँडमध्ये असतो.

सॅम्पलची रड वेगळी. लाइव्हमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ ही आज्ञा दिली नसेल तर सॅम्पल जिथून ओढले तिथेच राहतात: कुणाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये, कुणाच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. मशीन बदलली की फाइल उघडते, पण अर्ध्या क्लिप ‘सापडत नाही’ म्हणून पडून असतात.

हार्डवेअर वापरणारे यातून सुटतात असं नाही. रोलंडच्या जुनो-१०६ या जुन्या सिंथमधल्या ८००१७ए या व्हॉइस चिपा निकामी होतात हे सगळ्यांना माहीत आहे. सहापैकी एक आवाज मरतो किंवा अधूनमधून खरखरतो. जुन्या सिंथमधले पॅच (आवाजांच्या मांडण्या) बॅटरीवर जपलेले असतात आणि ती बॅटरी संपली की तुमचे आवाज पुसले जातात. जपान-अमेरिकेतून आणलेली जुनी यंत्रं १००-१२० व्होल्टची असतात. घाईत स्टेजवरच्या २३० व्होल्टच्या बोर्डाला लावली की पॉवर सप्लाय जळतो. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात फेडर आणि नॉबच्या आत गंज धरतो, तो कॉन्टॅक्ट क्लीनरने काढावा लागतो. सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये ठेवा आणि दर महिन्याला वाळवा, नाहीतर त्यांचा उपयोग नाही.

हे केवळ गरीब बँडांचं दुखणं आहे असं समजू नका. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक बँडकडे स्वतःचा स्टुडिओ होता, तरी १९८६ नंतर त्यांचा नवा स्टुडिओ अल्बम २००३ मध्येच आला. मधल्या वर्षांत त्यांचं बरंच काम जुने आवाज डिजिटल यंत्रणेत आणण्याचं होतं. १९९१ चा अल्बम जुनीच गाणी नव्याने बांधून केलेला आहे. त्या काळात दोन जुने सदस्य बाहेरही पडले. त्यांच्यापाशी वेळ आणि रॉयल्टी होती म्हणून ते परतले. तीन जणांच्या मुंबईच्या बँडला ही चैन परवडणारी नसते.

आता पैशाचं. यात मुद्दा मानधन कमी असण्यापेक्षा ते किती जणांत वाटलं जातं हा आहे. हिशेबासाठी आकडे धरू. बँडला दिल्लीच्या कार्यक्रमाचे १,००,००० रुपये ठरले. बुकिंग एजंटचे १५ टक्के म्हणजे १५,०००, साउंड इंजिनिअर १२,०००, व्हिज्युअल करणारा १०,०००. आयोजकाने प्रवास दिला नसेल तर तिघे सदस्य, इंजिनिअर आणि व्हिज्युअलवाला अशा पाच जणांचं जाऊन-येऊन विमानभाडं माणशी ९,००० प्रमाणे ४५,०००. उरले १८,०००, माणशी ६,०००. सिंथ आणि स्टँडच्या केसेस १५ किलोच्या मर्यादेत बसत नाहीत, त्याचं जादा भाडं वेगळं. १० टक्के टीडीएस कापला जातो तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळेल, पण महिन्याचं भाडं तोवर थांबत नाही. आता त्याच तिघांपैकी एकाने एकट्याने डीजे सेट केला असं धरा. मानधन निम्मं, ५०,०००. एजंट ७,५००, विमान ९,०००. हातात ३३,५००. सामान म्हणजे दोन पेनड्राइव्ह आणि हेडफोन, डेक (डीजेची वाजवायची यंत्रं) क्लबचेच. साउंडचेक दहा मिनिटांत उरकतो, बँडला पाऊण तास लागतो आणि महोत्सवात तो मिळत नाही.

हा हिशेब एकदा कळला की पुढचं आपोआप होतं. दिल्लीचा जलेबी कार्टेल हा चार जणांचा लाइव्ह बँड होता. त्यातले अर्जुन वागळे पुढे एकट्याने टेक्नो डीजे आणि निर्माते म्हणून कितीतरी पुढे गेले. अहमदाबादच्या बंदिश प्रोजेक्टच्या संस्थापकांपैकी उद्यन सागर बाहेर पडून न्यूक्लिया या नावाने एकट्याने वाजवू लागले आणि बंदिश प्रोजेक्ट हे नाव मयूर नार्वेकर यांनी चालू ठेवलं. ही फूट नव्हे, भागाकार टाळण्याची सोय आहे. ज्या वर्षांत हे घडत होतं त्याच वर्षांत डीजेंचा बाजारही वाढला. सनबर्न हा डीजेंचा महोत्सव २००७ मध्ये गोव्यात सुरू झाला. स्वतंत्र बँडांसाठी एनएच७ वीकेंडर २०१० मध्ये पुण्यात आला, पण महोत्सव एका शहरात वर्षातून एकदाच. उरलेले अकरा महिने बँडला शहरातली जागा लागते.

त्या जागांचं काय झालं? लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधलं ब्लू फ्रॉग डिसेंबर २००७ ते २०१६ चाललं. इलेक्ट्रॉनिक बँडला हवी तशी ध्वनियंत्रणा आणि मूळ गाणी ऐकायला आलेले लोक, दोन्ही तिथे एकत्र होतं. अशी जागा बंद झाली की उरतात दोन प्रकार. एक उघड्यावरचे कार्यक्रम, जिथे ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ला लाउडस्पीकर बंद. म्हणजे सूर्य मावळल्यावर दिव्यांसह वाजवायला जेमतेम तीन तास, ते सहा बँडांत वाटलेले. दुसरा प्रकार बार, जिथे मालकाला मूळ गाण्यांपेक्षा ओळखीची गाणी हवी असतात.

मग जाहिरात आणि सिनेमा. बीट, साउंड डिझाइन, मिक्सिंग हे सगळं येणारा माणूस जाहिरात-स्टुडिओला हवाच असतो. मुंबईच्या पेंटाग्राम या बँडचे विशाल ददलानी विशाल-शेखर जोडीतून हिंदी सिनेमाचे मोठे संगीतकार झाले. बँडचा शेवटचा अल्बम २०११ चा. दिल्लीच्या मिडिव्हल पंडित्झनेही सिनेमाची कामं केली, पण ते दोघेच असल्याने आणि दोघेही निर्माते असल्याने २००२ पासून अल्बमही येत राहिले. माझं मत असं की दोन जणांचा बँड तगण्याची शक्यता चार जणांच्या बँडपेक्षा बरीच जास्त असते, पण अट एकच: दोघांनाही फाइल उघडता आली पाहिजे. एक ‘कलाकार’ आणि एक ‘टेक्निकल’ अशी वाटणी झाली की टेक्निकल माणसाला जाहिरातीचं काम लागलं त्या दिवसापासून बँड बंद.

श्रोत्यांच्या नजरेतून नाहीसं होण्याचं कारण याहून क्षुल्लक असतं. गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या काही वितरकांची फी वार्षिक आहे. ज्याच्या कार्डावर ती कापली जात होती त्याचं कार्ड बदललं, आणि गाणी उतरवली गेली. कुणी मुद्दाम काढली नाहीत. मायस्पेस या संकेतस्थळावर २००३ ते २०१५ मध्ये चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं, ही गोष्ट मार्च २०१९ मध्ये जगाला कळली. ज्या बँडांनी पहिले डेमो तिथेच ठेवले होते त्यांतल्या बहुतेकांचे डेमो गेले. स्पॉटिफायने २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी देणं थांबवलं. अल्बममधली कडेची सहा-सात गाणी सहसा त्या रेषेखालीच असतात.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण इथे गोंधळ जास्त असला तरी उपाय सोपे आहेत. सरोदवादक किंवा गायिकेला एकरकमी पैसे देऊन रेकॉर्ड केलं आणि लेखी काही घेतलं नाही, तर पुढे ते गाणं जाहिरातीला देताना वकील पहिला कागद तोच मागतो. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधले तुकडे वापरत असाल तर ऑस्ट्रेलियाच्या द ॲव्हलांचेसचं लक्षात ठेवा: सॅम्पलांनी विणलेला पहिला अल्बम २००० चा, दुसरा २०१६ चा. सॅम्पलांच्या परवानग्या हे त्या दिरंगाईचं एक कारण होतं. लेबलशी (गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीशी) करार करताना कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल तर ५ वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन एका वर्षात वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं म्हटलं नसल्यास, ते परत येतात. बंद पडलेल्या छोट्या लेबलकडे अडकलेले कितीतरी अल्बम या एका कलमाने सोडवता येतील, पण कुणी पत्रच लिहीत नाही. बँडचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग ४१ मध्ये नोंदवता येतं. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये. नाव कुणाचं हे चौघांत आधी ठरवा, मग अर्ज.

आता करायचं काय ते. अल्बमचं मास्टर (अंतिम प्रत) हाती आलं त्याच आठवड्यात, उत्साह ताजा असताना, प्रत्येक गाण्याचे स्टेम, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाइल, काढा. प्रत्येक ट्रॅक वेगळा, सेशनचा मूळ सॅम्पल रेट, २४-बिट वेव्ह, सगळे गाण्याच्या पहिल्या मात्रेपासून सुरू आणि शेवटी रिव्हर्ब (आवाजाची घुमण) पूर्ण विरेपर्यंत, म्हणजे दहा सेकंद जादा. मास्टर बसवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) लिमिटर, म्हणजे आवाजाची पातळी दाबून धरणारा इफेक्ट, बंद. रिव्हर्ब आणि डिलेचे (प्रतिध्वनीचे) रिटर्न ट्रॅक, म्हणजे नुसत्या इफेक्टचा आवाज असलेले ट्रॅक, स्वतंत्र काढा. एकेक ट्रॅक सोलो करून काढत असाल तर किक ड्रमवर बांधलेलं साइडचेन (किक वाजली की बास दबवणारी जोडणी) सुटू शकतं आणि बास सपाट येतो. म्हणून सगळे ट्रॅक एकदम एक्स्पोर्ट करण्याचा पर्याय वापरा. शिवाय मुख्य आवाजांचे इफेक्टविना कोरडे स्टेम आणि प्रत्येक सुरावटीची मिडी फाइल (कुठला सूर कधी वाजला याची नोंद). हार्डवेअर सिंथ असेल तर पॅचचा सिसेक्स डंप, म्हणजे सिंथमधल्या पॅचची संगणकावरची फाइल, घ्या. प्लगइनच्या खिडक्यांचे स्क्रीनशॉट काढा, त्याने पुढे नवा आवाज बनवणं निम्मं सोपं होतं.

जागा किती लागते? ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १७.३ एमबी. पाच मिनिटांचं गाणं, १६ स्टिरिओ स्टेम, सुमारे १.४ जीबी. दहा गाण्यांचा अल्बम १४ जीबी, कोरड्या स्टेमसह २८. म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर दोन अख्खे अल्बम मावतात. तरी प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि एक दुसऱ्या घरात.

स्टेम पूर्ण आहेत का हे नुसतं ऐकून कळत नाही. कोऱ्या प्रोजेक्टमध्ये सगळे स्टेम ओढा, शेजारी मास्टरिंगपूर्वीचा मिक्स ठेवा, त्याची फेज उलटी करा (म्हणजे आवाजाची लहर उलटी होते आणि सारखे आवाज एकमेकांना खोडतात) आणि दोन्ही एकदम वाजवा. जवळजवळ शांतता आली तर काम झालं. एखादा हायहॅट एकटाच ऐकू आला तर तो ट्रॅक राहिला आहे. कोरस, फेझर यांसारखे डोलणारे इफेक्ट किंवा रँडम असणारे आवाज पूर्ण नाहीसे होत नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: टेम्पो, सूर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, प्लगइनांची यादी, कुणी काय वाजवलं, कुणाचा किती टक्के वाटा, आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक).

लाइव्ह सेट मात्र स्टुडिओच्या फाइलपासून तोडा. स्टेजवर भारी प्लगइन नकोत. आठ आउटपुटचा इंटरफेस पुरतो: किक, बास, तालवाद्यं डावी-उजवी, सिंथ डावं-उजवं, क्लिक (बँडच्या कानातली तालाची टिकटिक) आणि सूचना. साउंडवाल्याला किक आणि बास वेगळे मिळाले की अनोळखी जागीही सेट पंधरा मिनिटांत बसतो. सगळं दोन वाहिन्यांत मिसळून दिलं तर त्याच्या हातात काहीच राहत नाही. लॅपटॉपच्या अडॅप्टरमुळे हम (गुणगुण) आला तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय (वाद्य आणि मिक्सरच्या मधली जोडणीची पेटी) लावा. प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. भिजलेल्या स्टेजवर माइकला ओठ लावणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे. आणि वर्षातून दोनदा पूर्ण सेट दुसऱ्या सदस्याच्या लॅपटॉपवरून, मूळ मालकाने हात न लावता वाजवून बघा. पहिल्या वेळी तो नक्की अडकेल. कुठे अडकला ते लिहून ठेवा.

ज्यांचा बँड आधीच गप्प झाला आहे त्यांनी जुना लॅपटॉप सापडला की पहिली गोष्ट, त्याला वायफायला जोडू नका. अपडेट झाला की संपलं. बॅटरी फुगली असेल तर तो चालू न करता आधी दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. पुढे डिस्कची हुबेहूब प्रत काढा आणि जे करायचं ते प्रतीवर करा; जुनी फिरती डिस्क खटखट आवाज करत असेल तर स्वतः प्रयत्न थांबवून डेटा काढून देणाऱ्याकडे द्या. सॉफ्टवेअर उघडलं तर गाणी ऐकत बसण्याआधी स्टेम काढून घ्या, कारण ते मशीन पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. प्लगइन नसतील तर त्याच काळातला जुना मॅक उसना मिळवणं हे नवे आवाज बनवण्यापेक्षा स्वस्त पडतं. काहीच उघडलं नाही तर मास्टरमधून गायन, ड्रम, बास वेगळे करणारी आजची सॉफ्टवेअर वापरा. आवाजात पाण्याखालचा गढूळपणा येतो आणि अल्बमसाठी ते चालणार नाही, पण त्यावर ताजे ड्रम आणि बास वाजवून लाइव्ह सेट उभा करता येतो.

गाणी पुन्हा स्ट्रीमिंगवर टाकताना नवा वितरक नवे आयएसआरसी क्रमांक देऊ करेल. ते घेऊ नका, जुनेच क्रमांक फॉर्ममध्ये भरा. गाण्याची लांबी आणि मास्टर तेच असेल तर बऱ्याचदा ऐकण्याचा जुना आकडा आणि लोकांच्या प्लेलिस्टमधली जागा परत जुळते. क्रमांक हरवले असतील तर जुन्या वितरकाच्या विक्री-अहवालात प्रत्येक गाण्यासमोर छापलेले असतात, आणि ते अहवाल ज्या ईमेलवर येत होते त्याचा पासवर्ड चौघांपैकी कुणाकडे आहे हे आजच विचारून घ्या.